पिल्लू सारखं पाणी पितंय? आधी मोजा, मग ठरवा

उन्हाळा लागला की कुत्र्याचं पिल्लू पाळलेल्या घरांतून एकच तक्रार ऐकू येते. वाटी भरून ठेवली की रिकामी, परत भरली की परत रिकामी, आणि फरशीवर जिकडे तिकडे लघवी. त्यावर शेजारपाजारचा सल्लाही ठरलेला असतो: "अहो, पाणीच कमी द्या ना त्याला, आपोआप मुतणं कमी होतंय."

हा सल्ला बाकी काहीही झालं तरी मानू नका. पिल्लू जास्त पाणी पितं म्हणून जास्त मुततं, असं आपल्याला वाटतं. आजारात बहुतेक वेळा गाडी उलटी चालते. मूत्रपिंडाला पाणी धरून ठेवता येत नाही, ते लघवीवाटे वाहून जातं आणि गेलेलं भरून काढायला पिल्लू वाटीकडे धावतं. अशा पिल्लाचं पाणी तोडलं तर लघवी थांबत नाही, अंगातलं पाणी मात्र आटतं. चार-पाच किलोच्या जिवाला एवढं कोरडं पडायला वेळ लागत नाही, त्यातून मे महिन्यात तर नाहीच.

म्हणून वाटी भरलेलीच राहू द्या. आधी मोजायचं, मग लघवी बघायची, मग खाणं आणि औषधं तपासायची, आणि त्यानंतर डॉक्टर. एक अपवाद मात्र आहे. पिल्लू मलूल असेल, उलट्या-जुलाब असतील, खाणं सोडलं असेल, अंग तापलं असेल किंवा झटके येत असतील, तर मोजत बसू नका, थेट दवाखाना गाठा. लस न झालेलं पिल्लू पाण्याच्या वाटीवर मान टाकून बसलंय, प्यालेलं उलटून टाकतंय आणि जुलाबाला रक्ताचा घाण वास आहे, हे चित्र पार्वोचं, म्हणजे विषाणूनं होणाऱ्या जीवघेण्या जुलाब-उलट्यांचं, असू शकतं. तिथे एक रात्र थांबणंसुद्धा महागात पडतं.

मोजायचं कसं

"लई पितंय" हे माप नाही. डॉक्टर पहिला प्रश्न विचारणार, चोवीस तासांत किती? आणि बहुतेकांना सांगता येत नाही. लागतं ते एवढंच: एक लिटरची बाटली, औषधाचं किंवा स्वयंपाकाचं मापपात्र, दोन सारख्या स्टीलच्या वाट्या आणि पिल्लाचं वजन.

वजनाला वेगळा काटा नको. पिल्लाला कडेवर घेऊन घरातल्या काट्यावर उभे राहा, मग एकटे उभे राहा, दोन्हीतला फरक धरा. फार लहान असेल तर पिशवीत बसवून किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवा. दुकानदार हसेल, पण वजन बरोबर येईल.

वाटी स्टीलचीच घ्या. आपल्याकडे कुत्र्याला मातीच्या परळात पाणी ठेवायची पद्धत आहे, आणि एरवी ती चांगलीच. पाणी गार राहतं, परळ सहजी लवंडत नाही. मापाला मात्र परळ कामाचा नाही. माठ पाझरतो म्हणून तर पाणी गार होतं. तसंच परळातलं पाणी बुडातून झिरपतं आणि हवेत उडून जातं. सकाळी भरलेला परळ दुपारी अर्धा झालेला बघून आपण पिल्लावर आळ घेतो, आणि त्यातलं बरंच पाणी जमिनीनं आणि उन्हानं प्यालेलं असतं. नवा कोरा परळ असेल तर विचारूच नका. त्यात चिमण्या येऊन पाणी उडवतात, मांजर येतं, शेतातल्या घरी कोंबड्या तोंड घालतात.

दुसरी वाटी त्यासाठीच. दोन्ही वाट्यांत सारखंच पाणी घाला. एक पिल्लासमोर ठेवा, दुसरी त्याच जागी, तशाच उन्हावाऱ्यात, पण पिल्लाचं तोंड पोचणार नाही अशी, स्टुलावर किंवा वरून जाळी टाकून. दुसऱ्या दिवशी तिच्यातलं जेवढं कमी झालं तेवढं हवेनं नेलं. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात हा आकडा वाटतो त्यापेक्षा मोठा निघतो, कूलरच्या वाऱ्यात तर आणखीच.

मोजायच्या दिवशी पाण्याच्या बाकीच्या वाटा बंद करा. हे घरोघरी अवघड जातं. नळाला चार-आठ दिवसांनी पाणी येणाऱ्या गावांत घरभर ड्रम, बादल्या, घागरी भरलेल्या असतात आणि पिल्लू त्यातल्या कशातही तोंड घालतं. झाकणं लावा. मोरीचं दार ओढून घ्या. कूलरखाली गळणाऱ्या पाण्याची थाळी उचला. गोठा असेल तर जनावरांच्या हौदापाशी पिल्लाला एकटं सोडू नका. वाटीतलं प्रमाणात आणि बाहेरचं भरमसाट, असंही होतं.

आता हिशोब. समजा सकाळी सातला बाटलीत 1000 मिली होतं. दिवसभर वाटी त्याच बाटलीतून भरली. दुसऱ्या दिवशी सातला बाटलीत 380 उरलं, वाटीत 60, आणि दुसऱ्या वाटीतून 70 उडालेलं दिसलं. 1000 मधून हे तिन्ही वजा केले की 490 मिली. पिल्लू 5.2 किलोचं असेल तर किलोमागे साधारण 94 मिली.

वाटी लवंडली तर तो दिवस सोडून द्या, अंदाजानं भरती करू नका. एका दिवसावर निकालही काढू नका. ओळीनं तीन दिवस मोजा. पाहुणे आले, पोरांनी दिवसभर पळवलं, लाइट गेली म्हणून पंखा बंद राहिला, असं काही झालं तर आकड्यासमोर लिहून ठेवा.

आकडा वाचायचा कसा

मोठं, निरोगी कुत्रं किलोमागे दिवसाला साधारण 40 ते 60 मिली पाणी पितं. किलोमागे 100 मिलीच्या वर गेलं की डॉक्टर त्याला जास्त म्हणतात आणि कारण शोधायला लागतात. पिल्लाची वाढ चालू असते, ते पळतं जास्त, म्हणून वजनाच्या मानानं त्याचं पिणं मोठ्या कुत्र्यापेक्षा अधिक असतं. बेचाळीस डिग्रीच्या दिवशी कोरड्या दाण्यांवर वाढणारं पिल्लू ऐंशी-नव्वदला पोचलं तर दचकायचं कारण नाही. वरच्या उदाहरणातलं 94 तसंच. पिल्लू खेळतंय, खातंय, वजन वाढतंय, तर आठवडाभरानं परत मोजायचं, बस. तेच 94 थंडीत, दूधभाकरी खाणाऱ्या पिल्लाचं आलं तर मी गप्प बसणार नाही.

कारण खाण्यातलं पाणीही हिशोबात धरावं लागतं. पाकिटातल्या कोरड्या दाण्यांत जेमतेम दहा टक्के पाणी असतं. डब्यातल्या ओल्या खाण्यात सत्तर-ऐंशी टक्के, आणि दूध तर बहुतांशी पाणीच. घरचं वरण-भाकरी सोडून दाणे सुरू केले की चार दिवसांत "पिल्लू एकदम पाणी प्यायला लागलं" असं लोक सांगतात. ते तसंच व्हायला हवं. दाणे कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं भिजवून दिले की वाटीवरची झडप कमी होते.

किलोमागे 100 च्या वर ओळीनं तीन दिवस, आणि हवा-खाणं बघूनही पटण्यासारखं कारण सापडत नाही, तर दवाखान्याची वेळ झाली. खेळतंय म्हणून पुढे ढकलू नका.

लघवी काय सांगते

मोजत असतानाच लघवीकडे बघा. वारंवार जातंय आणि दर वेळी थेंब-थेंब, कण्हतंय, लघवीत रक्ताची झाक आहे, तर ती बहुधा मूत्रमार्गाची जळजळ किंवा जंतुसंसर्ग. अशा पिल्लाचं पाणी वाढलेलं नसतंही, नुसत्या खेपा वाढलेल्या असतात. उलट प्रत्येक वेळी भरपूर आणि पाण्यासारखी बिनरंगी लघवी होत असेल, सकाळी उठल्या उठल्याची पहिलीसुद्धा, तर मूत्रपिंड लघवी घट्ट करत नाहीये. हा मुद्दा डॉक्टरांना आवर्जून सांगा.

एक तिसरी गोष्ट यात मिसळली जाते. पाणी बेताचंच, जागेपणी सगळं ठीक, पण झोपलेल्या जागी अंथरूण ओलं. मादी पिल्लांत हे जास्त दिसतं. मूत्रनलिका जन्मतःच चुकीच्या जागी उघडत असेल तर असं गळतं. तिथे पाणी कमी करून किंवा शिस्त लावून काही होत नाही, तपासणीच लागते.

पहिल्या लघवीचा नमुना घरी घेता येतो. पिल्लाला सकाळी उचलून बाहेर न्या, बसलं की मागून उथळ ताटली सरकवा, आणि कोरड्या स्वच्छ बाटलीत ओतून घ्या. लोणच्याची बाटली वरवर धुऊन वापरू नका. त्यातलं मीठ-तेल तपासणीचा विचका करतं. केमिस्टकडे नमुन्याची बाटली दहा-वीस रुपयांत मिळते. दोन तासांत पोचवा, नाहीतर फ्रीजमध्ये ठेवा.

घरातच दडलेली कारणं

ऊन हे पहिलं. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. पंजांना थोडाफार, बाकी सगळी मदार धापा टाकण्यावर, आणि धापेतून पाणीच जातं. पत्र्याच्या खोलीत, गच्चीवर किंवा दुपारी साखळीला बांधलेलं पिल्लू पाणी पिणारच. परभणी-नांदेडचा मे आठवा. कडुलिंबाची सावली, ओलं गोणपाट, फिरणं सकाळी सातच्या आत नाहीतर दिवस मावळल्यावर, एवढ्यानं कितीतरी पिल्लांचा आकडा खाली येतो. कारवानी ही आपली देशी जात अंगानं सडपातळ आणि केसाला आखूड, तिचं आपल्या हवेत निभतं. दाट केसांची जर्मन शेफर्ड किंवा पॉमेरेनियन पिल्लं पाळणाऱ्यांनी मार्च लागताच तयारी करावी. बसक्या नाकाच्या पगाचं तर विचारू नका, त्याला धाप टाकणंच नीट जमत नाही.

मीठ हे दुसरं. मटणाचा रस्सा, पापड, शेव-चिवडा, सुकट, उरलेली खारी डाळ, सगळं "एवढ्याशानं काय होतंय" म्हणून जातं. शिळ्या रश्श्यात मिठासोबत कांदा-लसूणही असतो, आणि तो कुत्र्याच्या रक्तपेशींना मारक. पिल्लासाठी भाकरी कुस्करायची ती बिनमिठाच्या वरणात किंवा उकडलेल्या मटणाच्या बिनमसाल्याच्या पाण्यात. आणखी एक जुनी खोड: पिल्लानं काही विषारी खाल्लं की उलटीसाठी मिठाचं पाणी पाजणं. हे करू नका. मीठ रक्तात चढून मेंदूवर परिणाम होतो आणि मूळ विषाआधी मीठच जीव घेऊ शकतं.

तिसरं कारण कपाटात असतं, टॉनिकच्या रूपात. हाडं मजबूत व्हावीत म्हणून कॅल्शियम आणि डी-3 जीवनसत्त्वाचं सिरप पिल्लांना सर्रास पाजलं जातं. दुकानदार देतो, ज्याच्याकडून पिल्लू घेतलं तोही सांगतो, आणि घरातली दोन माणसं एकमेकांना न विचारता दोनदा पाजतात. डी-3 जास्त झालं की रक्तातलं कॅल्शियम चढतं आणि मूत्रपिंड लघवी घट्ट करेनासं होतं. मग तहान, लघवी, भूक मंद, पोट घट्ट. वाढत्या पिल्लासाठी तयार केलेले चांगले दाणे खात असेल तर वरून कॅल्शियम बहुधा लागतच नाही. तहान वाढलेली दिसली तर सिरप थांबवा, बाटली सोबत घेऊन डॉक्टरांकडे जा.

तसंच खाजेचं इंजेक्शन. गोचीड-पिसवांनी अंग खाजवणाऱ्या पिल्लाला स्टेरॉइड दिलं असेल तर तहान, भूक आणि लघवी तिन्ही वाढतात. औषध उतरलं की कमी होतात. पण गोळ्या चालू असतील तर मनानं एकदम बंद करू नका, देणाऱ्याला विचारून कमी करा. आणि माणसांच्या दुखण्याच्या गोळ्या पिल्लाला कधीच नाहीत. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक ही मूत्रपिंडावर उठतात. द्राक्षं-मनुकेही त्याच यादीत. द्राक्षाच्या बागेत किंवा प्रसादाच्या ताटाशेजारी पिल्लू असेल तर लक्ष ठेवा.

गाईचं दूध न पचून लागलेले जुलाबही तहान वाढवतात. दूध बंद केल्यावर दोन दिवसांत फरक दिसतो.

आजार कोणते

पिल्लांत यातले बरेच क्वचित दिसतात, म्हणून घाबरवत नाही. पण खुणा ओळखून ठेवा. भावंडांपेक्षा खुजं राहिलेलं, तोंडाला विचित्र वास, वजन न धरणारं पिल्लू असेल तर मूत्रपिंडाची वाढ जन्मतः अपुरी असू शकते. खाल्ल्यावर सुस्तावतं, भिंतीला डोकं टेकून उभं राहतं, तर यकृताला वळसा घालून जाणारी रक्तवाहिनी असण्याचा संशय येतो. बकाबका खातं आणि तरी वाळत चाललंय, तर साखर तपासा, मधुमेह पिल्लांनाही होतो. आणि लघवी अगदी पाण्यासारखी, तहान कशानं भागतच नाही, तर मूत्रपिंडाला पाणी धरायला सांगणारं संप्रेरक कमी पडत असेल किंवा मूत्रपिंड त्याचं ऐकत नसेल. या शेवटच्या पिल्लाचं पाणी एका रात्रीसाठी तोडणंही जिवावर बेतू शकतं.

लेप्टोबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण तो आपल्या अंगणातला आजार आहे. लेप्टोस्पायरा नावाचा जंतू उंदीर-घुशींच्या मुतातून पाण्यात आणि ओल्या मातीत येतो. कडब्याची गंजी, सोयाबीनच्या थप्प्या, धान्याची खोली, जिथे उंदीर तिथे धोका, आणि पहिल्या पावसानंतरची डबकी सर्वांत वाईट. ताप, अंग दुखणं, उलट्या, डोळे-हिरड्या पिवळ्या पडणं आणि मूत्रपिंडावर घाला आला की वाढलेली तहान, असा त्याचा प्रवास. हा माणसालाही होतो. म्हणून संशय आला की लघवी उघड्या हातानं पुसायची नाही, हातमोजे घाला आणि जंतुनाशकानं फरशी पुसा. लसीच्या कार्डावर लेप्टोचा उल्लेख आहे का ते आजच बघा. सगळ्याच एकत्रित लसींत तो असतोच असं नाही.

पाण्याशी खेळणारं पिल्लू

काही पिल्लं तहानेनं पीत नाहीत, पाण्याला चावतात. शेतात पाइपाच्या धारेवर झडप घालणं, शेततळ्यात चेंडू आणायला परत परत उडी मारणं, हौदात तोंड खुपसून बुडबुडे काढणं. लॅब्राडॉर यात पुढे. बघायला मजा येते, पण अशा खेळात थोड्या वेळात भरमसाट पाणी पोटात जातं आणि रक्तातलं सोडियम पातळ होतं. झोकांड्या, पोट फुगणं, उलटी, लाळ, पांढरट हिरड्या, आणि मग झटके. खेळून आल्यावर यातलं काही दिसलं तर तसंच उचलून दवाखान्यात न्या, "पाण्यात खूप वेळ खेळलं" हे पहिल्याच वाक्यात सांगा. दर दहा मिनिटांनी पाण्याबाहेर काढून विश्रांती द्यायची सवय ठेवली तर ही वेळ येत नाही.

ऊन लागलेलं पिल्लू वेगळं. कुत्र्याचं अंग नेहमीच 101 ते 102.5 फॅरेनहाइटच्या आसपास असतं, त्यामुळे हाताला गरम लागलं म्हणून ताप नव्हे. थर्मामीटर 104 च्या वर दाखवत असेल, धाप थांबत नसेल, तर सावलीत न्या, अंगावर साधं पाणी ओता, पंखा लावा आणि निघा. बर्फ नको. ओला टॉवेल गुंडाळूनही ठेवू नका, आतली उष्णता आतच राहते. शुद्धीवर असेल तर थोडं थोडं पाणी द्या, तोंडात ओतू नका.

दवाखान्यात

तीन दिवसांचे आकडे, वजन, लघवीची बाटली, लसीचं कार्ड, चालू औषधं-टॉनिक आणि खाण्याच्या पाकिटाचा फोटो, एवढं घेऊन गेलात तर अर्धं काम झालं. पहिली तपासणी लघवीच्या घट्टपणाची असते. विशिष्ट गुरुत्व 1.030 च्या वर आलं तर मूत्रपिंड पाणी धरतंय, काळजी बरीच कमी. 1.008 च्या खाली असेल तर शोध पुढे न्यावा लागतो. मग रक्तातली साखर, युरिया, क्रिएटिनिन, कॅल्शियम, यकृताच्या तपासण्या, आणि गरज पडली तर सोनोग्राफी. सगळ्या एकदम करायचा आग्रह तुम्हीही धरू नका. पाणी तोडून करायची एक चाचणी असते, ती फक्त दवाखान्यात, डॉक्टरांच्या नजरेखाली. घरी तिची नक्कल करायची नाही.

तालुक्याच्या दवाखान्यात गाई-म्हशींचं काम जास्त, कुत्र्याच्या रक्त-लघवीच्या सोयी दर ठिकाणी नसतात. परभणीला आणि लातूर जिल्ह्यात उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. अवघड प्रकरण तिथल्या दवाखान्यात दाखवायला आपल्या डॉक्टरांकडून चिठ्ठी घ्या.

सगळं बरं निघालं, तरी पितंय

मग उरते सवय. दिवसभर एकटं बांधलेलं पिल्लू करमत नाही म्हणून पितं, वाटी उलटी करतं, पाण्यात पाय घालतं. त्याला उद्योग द्या: सकाळ-संध्याकाळ फिरणं, चावायला जाड दोरीची गाठ, दाणे ताटलीत न देता अंगणात विखरून शोधायला लावणं. वाटी जड आणि रुंद बुडाची ठेवा. बोअरचं पाणी खारं असेल आणि घरात जारचं पाणी पीत असाल तर पिल्लालाही तेच द्या, आणि दिवसातून दोनदा बदला.

रात्रीच्या लघवीचा प्रश्न पाण्याचा कमी, वेळेचा जास्त. पिल्लू जितक्या महिन्यांचं, त्यात एक मिळवा, दिवसा साधारण तितके तास लघवी धरू शकतं. दोन महिन्यांच्या पिल्लाकडून रात्रभराची अपेक्षा करणं म्हणजे अन्यायच. रात्रीचं जेवण झोपायच्या तीनेक तास आधी उरका, झोपताना बाहेर न्या, मध्यरात्री गजर लावून एकदा उठा. तपासण्या चोख असतील आणि हवा थंड असेल तर झोपायच्या तासभर आधी वाटी उचलायला हरकत नाही. एप्रिल-मेमध्ये मात्र नाही. त्या दोन महिन्यांत वाटी रात्रभर भरलेली ठेवा, आणि फरशी पुसायचं फडकं हाताशी.